व्हेस्टाचा रंग आणि गिरवलीच्या चार रात्री

सोमवार, १५ फेब्रुवारी २०१०

कराडहून पहाटेची एसटी धरून पुण्यात पोचलो, तर शहर गप्प गप्प होतं. शनिवारी कोरेगाव पार्कात बाँबस्फोट झालेला. चौकाचौकांत पोलीस. नाशिक रस्त्याला लागताना नाकाबंदीत हवालदारानं आमच्या पठ्ठ्याची सॅक उघडायला लावली. पठ्ठ्या म्हणजे माझा एम.एस्सी.चा विद्यार्थी, राहणार कोरेगाव तालुका. सॅकमध्ये दोन स्वेटर, माकडटोपी, चिवड्याचा डबा आणि कोऱ्या डीव्हीडींची चळत.

"सिनेमे का?"

"नाही साहेब, लघुग्रहाचे फोटो आणायचेत यात."

"फोटो नाही, वर्णपट," मी मास्तरकीच्या सवयीनं दुरुस्त केलं आणि त्यापायी आमची आणखी दहा मिनिटं गेली.

चाकणला कांद्याचे ट्रक, खेडच्या घाटात ते सगळे ट्रक आमच्या पुढं. मंचरला मिसळ खाऊन डावीकडे वळलो. हा घोडेगावचा, म्हणजे भीमाशंकरचा रस्ता. महाशिवरात्र शुक्रवारीच झालेली, त्यामुळं स्वागताच्या कमानी अजून उभ्या होत्या आणि कडेला उसाच्या रसाची गुऱ्हाळं जोरात होती. घोडेगावच्या पुढं जीप डोंगराला लागली. गिरवलीची वेधशाळा हजारेक मीटर उंचीवर आहे. दुर्बिणीचा आरसा दोन मीटरचा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेनं २००६ साली ती सुरू केली. आमच्यासारख्या कॉलेजातल्या मास्तरांनाही अर्ज करून रात्री मागता येतात. आम्हाला चार मिळाल्या होत्या.

काम काय, ते इथंच सांगते. व्हेस्टा हा लघुग्रह ओल्बर्सनं १८०७ मध्ये २९ मार्चला शोधला. व्यास सव्वापाचशे किलोमीटर. लघुग्रहांत हा सर्वांत तेजस्वी. या आठवड्यात तो सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत येत होता, आपल्यापासून सुमारे एकवीस कोटी किलोमीटरवर. तेज सहाव्या प्रतीचं, गावाकडच्या अंधारात तीक्ष्ण डोळ्याला कसाबसा दिसेल असं. एवढ्या अंतरावर त्याची थाळी अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) होते आणि आमच्यावरची हवा प्रत्येक ठिपक्याला दीड आर्कसेकंदापर्यंत फिस्कटवते. म्हणजे दोन मीटरच्या दुर्बिणीतूनही तो ठिपकाच. त्याच्या अंगावरचे डाग दिसणं शक्य नाही.

पण तो फिरतो. पाच तास वीस मिनिटांत एक गिरकी. एक बाजू समोर असताना वर्णपट, म्हणजे उजेड रंगारंगांत फाकवलेला पट्टा, घ्यायचा, मग दुसरी बाजू आली की पुन्हा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचे. जमिनीचा दगड सगळीकडे सारखा नसेल, तर रंगात फरक पडलाच पाहिजे. ही युक्ती जुनी आहे. बोब्रोव्हनिकॉफनं १९२९ साली लिक वेधशाळेतल्या वर्णपटांवरून व्हेस्टाचा रंग फिरताना बदलतो असं नोंदवून ठेवलं होतं.

पठ्ठ्याची शंका रास्त होती. "मॅडम, नासाचं डॉन यान २००७ मध्येच निघालंय, पुढच्या वर्षी व्हेस्टावर पोचतंय. मग आपण कशाला?"

"तुझा प्रोजेक्ट मेमध्ये द्यायचाय. यान जुलैत पोचणार, तेही पुढच्या वर्षी."

पहिली रात्र चुकांची. आधी कॅमेऱ्याला द्रवरूप नायट्रोजन घालून गार केला. इथं त्याला 'पाणी पाजणं' म्हणतात. मग फोकस. साडेआठला पहिल्यांदा दुर्बीण व्हेस्टाकडं वळवली आणि ज्या फटीतून उजेड वर्णपटमापकात जातो, पडद्यावर तिच्या जागी काळोख. दुर्बीण चालवणारे दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, कडेला एक भलताच मोठा ठिपका आहे, तो कुणाचा?" साडेतीन कला, म्हणजे दोनशेदहा आर्कसेकंद लांब. पठ्ठ्या आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसला. अर्ध्या-पाऊण तासानं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं व्हेस्टाची जागा आपल्या घड्याळाच्या साडेआठची म्हणून काढली होती, पण कोष्टक होतं ग्रीनविचच्या वेळेचं. साडेपाच तासांचा फरक. व्हेस्टा ताऱ्यांमधून तासाला अडतीस आर्कसेकंद सरकतो, गुणाकार करा. चूक त्याची, पण कागदावर 'तपासलं' म्हणून सही माझी होती.

सगळं जाग्यावर येऊन मोजणी सुरू झाली तेव्हा अकरा वाजले. दहा-दहा सेकंदांची एक्सपोजर. पावणेएकला दुसरी गंमत. व्हेस्टा त्या दिवसांत सिंह राशीत, अल्जीबा या ताऱ्याशेजारी होता. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, विसाच्या जवळ, आणि गिरवलीचा अक्षांश एकोणीस. म्हणजे मध्यमंडलावर, आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेवर, येताना तो थेट डोक्यावरून जाणार, जेमतेम पाऊण-एक अंश सोडून. आमची दुर्बीण तोफेसारखी दोन अक्षांवर चालणारी, एक वर-खाली, एक आडवा. अशा दुर्बिणीला डोक्यावरची जागा पेलवत नाही, कारण तारा इंचभर सरकला तरी सगळा डोलारा गर्रकन अर्धी फेरी फिरावा लागतो. डोममधून मोटरचा आवाज चढत गेला, ठिपका फटीतून निसटला, दादांनी हात वर केले. "आता वीस मिनिटं चहा." हे कागदावर आधी दिसायला हवं होतं. दोन्ही आकडे मी स्वतःच्या हातानं एकाखाली एक लिहिले होते.

पहाटे पाचपर्यंत काम चाललं. खोलीकडं जाताना दादांनी बॅटरी दिली आणि बजावलं, "एकटं फिरू नका, बिबट्या येतो."

मंगळवार, १६ फेब्रुवारी

दुपारी एकला उठले. मावशींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा ठेवलेला. जेवून डोंगराच्या कडेला गेले. खाली डिंभे धरणाच्या बाजूला झुळझुळीत धुकं. पायाखाली तोच काळा कातळ, जो कराडपासून नाशिकपर्यंत कुठंही ठेच लागली तर पायाला लागतो.

एक ताजा फुटलेला तुकडा उचलला. बाहेरून तपकिरी, गंजलेला, आत काळा, आणि उन्हात तिरका धरला की बारीक बारीक चमकणारे कण. त्यातले काही पायरॉक्सिनचे. लोह आणि मॅग्नेशियम असलेलं हे खनिज बसाल्टमध्ये हमखास सापडतं. आणि व्हेस्टाची ओळख पटली ती याच खनिजावरून. १९७० मध्ये मॅकॉर्ड, ॲडम्स आणि जॉन्सन यांनी दाखवलं की व्हेस्टाच्या वर्णपटात ०.९ मायक्रॉनच्या (९०० नॅनोमीटरच्या) आसपास जी खोल दरी आहे, म्हणजे जिथला उजेड गिळला गेलाय, ती पायरॉक्सिनची, आणि अख्खा वर्णपट यूक्राइट नावाच्या उल्कापाषाणांशी जुळतो. सव्वापाचशे किलोमीटरचा दगड कधीकाळी वितळला होता, त्यावर लाव्हा वाहिला होता, हे लांबून कळलं ते नुसत्या रंगावरून. तो वितळला कशानं, याचा धागा आपल्याकडे सापडला. १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलां इथं यूक्राइट पडला. त्याच्यात अहमदाबादच्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या खुणा मिळाल्या. सूर्यमालेच्या आरंभीची भट्टी तीच असावी, असं त्यांनी १९९९ मध्ये मांडलं. आमचा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, तो बसाल्ट साडेचारशे कोटींचा. तुकडा मी खिशात टाकला.

आम्ही मात्र ०.९ मायक्रॉनच्या दरीमागं नव्हतो. तिथं आमचा ग्रिझम, म्हणजे उजेड रंगांत फाकवणारी काच, पोचत नाही. आमचा ग्रिझम जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा, साधारण ३८० ते ६८० नॅनोमीटर. त्या पट्ट्यात पायरॉक्सिनची एक बारकी खाच आहे, ५०६.५ नॅनोमीटरवर. खोली जेमतेम टक्काभर. अनिता कॉक्रन आणि फेथ विलास यांनी मॅकडोनाल्ड वेधशाळेतून ती व्हेस्टाच्या गिरकीबरोबर कमी-जास्त होताना पाहिली आणि १९९८ मध्ये छापली. ती खाच, आणि एकूण वर्णपटाचा उतार निळ्याकडून तांबड्याकडं किती चढतो ते, एवढं आम्हाला मोजायचं होतं.

रात्र सुरेख. चंद्र नुसती कोर, लवकर मावळला. साडेआठला सुरुवात, पहाटे पाचला शेवट, मध्ये डोक्यावरची वीस मिनिटं सोडून खंड नाही. बाहेर येऊन मी द्विनेत्रीतून पाहिलं. अल्जीबा आणि ४० लिओनिस या दोन ताऱ्यांच्या मध्ये एक पिवळट ठिपका, जणू कुणी मुद्दाम भरलेली जागा. दादांना सिंहेचा तो बाक दाखवला. "हां, कोयता," ते म्हणाले. खाली उसाच्या फडांकडं ट्रॅक्टरचे दिवे हलत होते.

पाचला पठ्ठ्यानं घाईघाईत पहिला आलेख काढला आणि खुर्चीवरून उठलाच. वर्णपटाचा उतार रात्रभरात चक्क बदलत होता. संध्याकाळी तांबडा, मध्यरात्री सपाट, पहाटे पुन्हा तांबडा. आठ-दहा टक्क्यांचा फरक! आम्ही चिवडा संपवला. मी झोपताना मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं, ते इथं लिहीत नाही.

बुधवार, १७ फेब्रुवारी

दुपारी तीनला दारावर टकटक. पठ्ठ्या, डोळे लाल, हातात वही. झोपलाच नव्हता.

"मॅडम, सोमवारचे वर्णपटही पहाटे पाचला तांबडेच होते."

"बरं मग? छानच की."

"छान नाही. हिशेब बघा."

हिशेब असा. व्हेस्टा चोवीस तासांत साडेचारच्या जवळपास गिरक्या घेतो, अचूक सांगायचं तर ४.४९. म्हणजे आज पहाटे पाचला जी बाजू समोर, तिच्या नेमकी पाठीमागची बाजू उद्या पहाटे पाचला समोर. परवा पुन्हा पहिली. एकाड एक. मग सोमवारी आणि मंगळवारी पहाटे आम्ही व्हेस्टाच्या दोन विरुद्ध बाजू पाहिल्या होत्या, आणि दोन्ही तांबड्या? आणि मधली मध्यरात्र दोन्ही दिवशी सपाट? रंग व्हेस्टाच्या घड्याळानं बदलायला हवा होता, पाच तास वीस मिनिटांनी. तो बदलत होता भिंतीवरच्या घड्याळानं.

"आपण व्हेस्टाचा नाही, हवेचा वर्णपट काढलाय," पठ्ठ्या म्हणाला.

मी चहा मागवला. दोन कप संपेपर्यंत मलाही चूक दिसली, आणि ती पोराची नव्हती.

प्रकाश तिरका हवेतून येतो तेव्हा हवा त्याला किंचित वाकवते, आणि निळ्याला तांबड्यापेक्षा जास्त. तारा क्षितिजापासून तीसेक अंशांवर असला, की त्याचा निळा ठिपका तांबड्या ठिपक्यापासून दीड-दोन आर्कसेकंद वर सरकलेला असतो. डोळ्याला कळत नाही. पण वर्णपटमापकाची फट तेवढीच, दीड आर्कसेकंदांची. फट उभी असली, म्हणजे क्षितिजाला काटकोनात, तर निळा आणि तांबडा दोघंही तिच्यात मावतात. फट आडवी असली तर एकच आत येतो आणि दुसरा काठावर कापला जातो. आम्ही मध्यभागी धरत होतो तो तांबडा. संध्याकाळी आणि पहाटे व्हेस्टा खाली असताना आम्ही निळ्याचा गळा कापत होतो, मध्यरात्री तो डोक्यावर असताना सोडून देत होतो.

फट मी उत्तर-दक्षिण ठेवली होती. का, तर नेहमी तशीच ठेवते म्हणून. इतर कुठल्या लक्ष्याला कदाचित खपलंही असतं. पण व्हेस्टा पूर्वेला उगवून सरळ डोक्यावरून पश्चिमेला जाणारा. अशा वस्तूला 'वर' ही दिशा रात्रभर पूर्व-पश्चिमच राहते. म्हणजे सगळ्या दिशांतली सर्वांत वाईट दिशा मी निवडली होती. ज्या योगायोगानं सोमवारी दुर्बिणीला गर्रकन फिरवलं, त्याच योगायोगानं उपायही सोपा करून ठेवला होता: फट पूर्व-पश्चिम करा आणि रात्रभर हात लावू नका.

दुसरी चूक तुलनेच्या ताऱ्याची. लघुग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, तो सूर्याचाच उजेड परत पाठवतो. म्हणून त्याच्या वर्णपटाला सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटानं भागायचं, मग उरतो तो दगडाचा रंग. आमचा तारा होता एसए १०२-१०८१, लघुग्रहवाल्यांच्या नेहमीच्या वापरातला, सिंहेच्या खालच्या अंगाला. तो आम्ही दोन्ही रात्री फक्त वर आलेला असताना घेतला, वेळ वाचवायला. तास-दीड तासानं घेत राहिलो असतो तर तोही पहाटे तांबडा दिसला असता आणि पहिल्याच रात्री चोर सापडला असता.

वीस वर्षं शिकवतेय मी हे. अपवर्तनावरचा प्रश्न दर वर्षी पेपरात घालते.

रात्री दादांनी फट फिरवली. साडेआठ, व्हेस्टा. नऊ वाजता, तारा. पुन्हा व्हेस्टा. पावणेएक जवळ आला तसं दहा मिनिटं आधीच थांबलो, दुर्बीण ताऱ्याकडं नेली, आणि ती परत येईतो व्हेस्टा डोक्यावरून पलीकडं उतरला होता. सोमवारची वीस मिनिटांची सुट्टी अशी कामाला लागली. दादा खूष. त्यांना मोटरचा तो चढता आवाज मुळीच आवडत नाही.

पडद्यावर कच्चे वर्णपट येत राहिले. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसणार नाही, काळ्यावर एक पांढरी आडवी रेघ, तिच्यात मधूनमधून काळसर चिमटे. ते चिमटे सूर्याचे. मॅग्नेशियमचे तीन, सोडियमचे दोन. एकवीस कोटी किलोमीटरवरच्या दगडावर आपटून आले तरी जागच्या जागी. ताऱ्यानं भागलं की ते पुसले जातात, आणि रेघ जवळजवळ सपाट होते. जवळजवळ. आमचं सगळं काम त्या 'जवळजवळ'मध्ये होतं.

तीन वाजता पश्चिमेकडून पातळ ढगांचा पदर आला. ताऱ्यांभोवती धूसर वलयं. असल्या ढगांत उजेड कमी होतो, रंग फारसा बिघडत नाही, म्हणून चालू ठेवलं. चारला मात्र काहीच दिसेना. मावशींनी दिलेले गुळपापडीचे लाडू तेव्हा उघडले.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

दुपारी दोघांनी मिळून बुधवारचा डेटा साफ केला. उतार सरळ. संध्याकाळचा तांबडेपणा गेला, आणि त्याच्याबरोबर माझं शीर्षकही. आठ-दहा टक्क्यांचा फरक होता तिथं आता दीड-दोन टक्क्यांची थरथर.

मंगळवारची रात्र अगदीच वाया गेली नव्हती. अकरा ते तीनच्या मधले, व्हेस्टा वर असतानाचे वर्णपट धरण्यासारखे होते. बुधवारी त्याच वेळी पाठची बाजू होती. म्हणजे आमच्याकडं दोन्ही बाजू आल्या होत्या, आणि आज रात्री मंगळवारचीच बाजू पाच मिनिटांच्या फरकानं पुन्हा येणार होती. आज जर मंगळवारशी जुळलं आणि बुधवारशी नाही जुळलं, तर ते दगडाचं.

रात्र निरभ्र, थंडी कडक. सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि वेधशाळेत याहून चांगली रात्र नसते. माकडटोपी, चहा, दहा सेकंद, तारा, व्हेस्टा, तारा. डोममध्ये दर थोड्या वेळानं झडप सरकल्याचा खडखडाट. तीनच्या सुमाराला पठ्ठ्यानं सगळ्या रात्रींतले चांगले वर्णपट दोन ढिगांत विभागले, एकेका बाजूचा एक, आणि बेरीज केली. ५०६.५ वर खाच उघडी पडली. मी पडद्याला नाक लावलं. बारीक, पण जाग्यावर. तिच्या दोन्ही बाजूंना रेघ वर आणि मध्ये ती दबलेली, पिठावर बोट टेकवल्यासारखी.

दोन ढिगांत फरक? होता. एका बाजूची खाच किंचित खोल. त्रुटीच्या रेघेच्या थोडीशी बाहेर, छापायला न्यावी इतकी नाही. पठ्ठ्याच्या प्रबंधाला पुरेशी. आजचे आणि मंगळवारचे वर्णपट मात्र एकमेकांवर चोख बसले.

"एका बाजूला पायरॉक्सिन जास्त म्हणायचं का, मॅडम?"

"जास्त म्हण, नाहीतर स्वच्छ म्हण. वर काळी धूळ पडलेली असली तरी खाच उथळ होते. आपल्या एका ठिपक्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही."

आता हे लिहिताना त्या उत्तराचं पुढं काय झालं ते माहीत आहे. आम्ही उतरलो त्यानंतर दहा दिवसांच्या आत, २५ आणि २८ फेब्रुवारीला, हबल दुर्बिणीनं व्हेस्टाचे फोटो घेतले, डॉनच्या तयारीसाठी. डॉन २०११ च्या जुलैत पोचलं. दक्षिण ध्रुवावर पाचशे किलोमीटरचं ऱ्हीसिल्व्हिया विवर, आतून उघडा पडलेला खोलचा दगड, आणि दुसरीकडं कार्बनयुक्त लघुग्रहांनी आदळून पसरवलेला काळा माल. स्वच्छ आणि मळकं, दोन्ही होतं.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

पाचला शेवटचं एक्सपोजर. फ्लॅट, बायस, आर्क दिव्याचे वर्णपट, म्हणजे मोजणी दुरुस्त करायला लागणारी चित्रं, सगळं डीव्हीडींवर दोन-दोन प्रतींत. मावशींनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली. दादांनी जीपपर्यंत सामान आणलं आणि पठ्ठ्याला म्हणाले, "पुढच्या वेळी वेळ ग्रीनविचची घाला हां."

सहाच्या सुमाराला मंचरला हमरस्त्यावर आलो आणि थांबलो. शिवजयंती. शिवनेरीवरून ज्योत पेटवून पोरं आपापल्या गावांकडं पळत निघालेली. अंधारातून एकामागून एक टोळ्या येत होत्या. पुढं अनवाणी एक जण मशाल वर धरून, मागं भगव्या टोप्यांतले दहा-पंधरा, त्यांच्या मागं टेंपो, टेंपोत जनरेटर, भोंगे आणि झोपलेली पोरं. मशालीचा उजेड जवळ आला की पिवळा, लांब गेला की तांबडा, धुरामुळं. मी तो पाहत राहिले, आणि आठवडाभराच्या सवयीनं मनात तुलनेचा तारा शोधायला लागले.

ड्रायव्हरनं गाडी एका टोळीच्या मागं हळूहळू चालवली. पुढचा पोरगा दमला तसा दुसरा धावत बाजूला आला, न थांबता मशाल हातोहात गेली. पठ्ठ्या मागच्या सीटवर डीव्हीडींची पिशवी पोटाशी धरून झोपला होता. भोंग्यातल्या घोषणेनं एक डोळा उघडला.

"किती वाजले, मॅडम?"

"साडेसहा."

"म्हणजे एक," तो म्हणाला आणि परत झोपला.